सर क्रीक, ओख्याच्या बोटी आणि पाण्यावरची न दिसणारी रेघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुजरातमधल्या ओखा किंवा पोरबंदर बंदराची मासेमारी बोट पाकिस्तानने धरली अशी बातमी आली की आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटतात आणि दरवेळी तेच ते प्रश्न येतात. एकेकाला फोनवर सांगून घसा बसला, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू.

सर क्रीक म्हणजे नेमकं काय, आणि आहे कुठे?

गुजरातचा कच्छ आणि पाकिस्तानचा सिंध यांच्या मधली खाडी, लांबी साधारण ९६ किलोमीटर. नदी नाही हां, खाडीच. भरतीला पाणी आत शिरतं, ओहोटीला मैलच्या मैल चिखल उघडा पडतो, कडेला खारफुटी, साप आणि डास. गाव नाही, शेत नाही, रस्ता नाही. जुनं नाव बाणगंगा. पूर्वेला कोरी क्रीक आहे, तिच्या काठावर कोटेश्वर आणि शेजारीच नारायण सरोवर, तिथं बरेच मराठी यात्रेकरूही जातात. थोडं वर लखपतचा किल्ला आहे, तो आवर्जून बघा. एके काळी तिथं भरभराटीचं बंदर होतं, १८१९ च्या भूकंपात जमीन वर आली, सिंधूचं पाणी तुटलं आणि बंदर संपलं. आता भलीमोठी तटबंदी आणि आत मोजकी घरं. म्हणजे इथली जमीनच अशी चंचल, आणि त्या जमिनीवर म्हणे कायमची हद्द आखायची!

वाद सुरू कशावरून झाला? तेलावरून ना?

नाही, सरपणावरून. खरंच. १९०८ च्या सुमारास खाडीकाठचा लाकूडफाटा कोणी तोडायचा यावरून कच्छचे राव आणि सिंधचे अधिकारी यांच्यात जुंपली. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता (१९३६ पर्यंत होता), त्यामुळे निवाडा मुंबई सरकारने केला आणि १९१४ मध्ये एक ठराव काढला. आज दोन अण्वस्त्रधारी देश ज्या कागदावरून भांडतायत तो कागद असा आपल्या मुंबईच्या दफ्तरातून निघालेला. आणखी एक गंमत म्हणजे १९५६ ते १९६० या काळात कच्छ द्वैभाषिक मुंबई राज्यात होता, म्हणजे त्या साडेतीन वर्षांत ही सीमा चक्क मुंबई राज्याची सीमा होती. शाळेत हे कोणी सांगत नाही.

मग ठराव आहे तर भांडण कसलं? वाचायचा आणि मोकळं व्हायचं.

तिथंच तर घोळ आहे. ठरावाचा नववा परिच्छेद आणि त्यासोबतचा नकाशा हद्द खाडीच्या पूर्व काठावर दाखवतो, नकाशात ती हिरव्या रेघेने काढलीय. पाकिस्तान तेवढं धरून बसतो आणि म्हणतो अख्खी खाडी आमची. त्याच ठरावाचा दहावा परिच्छेद म्हणतो की ही खाडी पात्र बदलत राहते, म्हणून जिथून होड्या जातात त्या प्रवाहाचा मध्य हीच हद्द. भारत हा परिच्छेद दाखवतो. जोडीला १९२५ चा नकाशा आहे, ज्यात रेघ मधोमध आहे, आणि त्या सुमारास रोवलेले खांबही आहेत.

खोल प्रवाहाच्या मध्यावरून हद्द धरायची या तत्त्वाला थालवेग म्हणतात. त्यावर पाकिस्तानचं म्हणणं की ते नदीला लागू, ज्यात जहाजं चालतात, या चिखलात कुठली जहाजं? भारत म्हणतो भरतीला मासेमारीच्या बोटी आरामात आतबाहेर करतात, अजून काय पाहिजे. मला विचाराल तर भरतीचा मुद्दा वजनदार आहे, ज्याने एकदा तरी भरतीच्या टायमाला खाडीतून बोट काढलीय तो हसेल या वादावर. पण नकाशातली हिरवी रेघही आहेच की, ती काही पाकिस्तानने मागाहून काढलेली नाही, त्यामुळे समोरचा अगदीच हवेत बोलतोय असंही म्हणता येत नाही.

एवढ्याशा चिखलासाठी एवढं? देऊन टाका ना अर्धा अर्धा.

चिखलाचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे त्याच्या पुढच्या समुद्राचा. जमिनीची हद्द जिथे समुद्राला टेकते तिथून समुद्रातली हद्द सुरू होते. भिंतीवर खिळा ठोकून त्याला दोरी बांधली आणि खिळा दोन बोटं सरकवला तर दोरीचं पार पलीकडचं टोक कुठच्या कुठे जातं बघा, तसं आहे हे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल म्हणजे देशाचा स्वतःचा समुद्र, तिथं जवळपास जमिनीसारखाच हक्क. २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, मासे, तेल, वायू वगैरे काढायचा हक्क, त्याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. खाडीच्या मुखाशी रेघ पूर्व काठावर की मध्यावर एवढ्या फरकाने समुद्रातला मोठा पट्टा इकडचा तिकडे होतो. त्यात सिंधूच्या गाळामुळे मासळी भरपूर, आणि खाली तेल-वायू असेल ही आशा दोघांनाही. मग सोडतंय कोण.

१९६८ मध्ये निकाल लागला होता ना?

तो कच्छच्या रणाचा. एप्रिल १९६५ मध्ये रणात चकमकी झाल्या, ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन मध्ये पडले, लवाद नेमला गेला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये निकाल आला. पाकिस्तानने सुमारे ९,००० चौरस किलोमीटर मागितले होते, मिळाले साधारण दहा टक्के. सर क्रीक मात्र त्या लवादापुढे आलीच नाही, कारण तेवढा भाग ठरलेलाच आहे असं दोघांनीही धरलं होतं! नंतर कळलं की ठरलेलं म्हणजे काय याबद्दल प्रत्येकाची समजूत वेगळी.

तिथे विमान पाडलं होतं ते काय प्रकरण?

१० ऑगस्ट १९९९, कारगिल संपून महिनाही झाला नव्हता. पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक हे टेहळणी विमान भारतीय हवाई दलाच्या मिग-२१ ने याच भागात पाडलं, आतले १६ जण गेले. विमान कोणाच्या हद्दीत होतं यावर अर्थातच दोन उत्तरं. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, न्यायालयाने जून २००० मध्ये सांगितलं की हे आमच्या अखत्यारीत येत नाही. विषय संपला, म्हणजे सुटला नाही, नुसता संपला.

चर्चा होते की नाही मग?

व्हायची. २००७ च्या सुरुवातीला दोन्ही देशांनी मिळून खाडीची मोजणी केली आणि मग नकाशांची देवाणघेवाणही झाली, त्या वेळी खरंच वाटलं होतं की सुटतंय. शेवटची ठळक फेरी २०१२ ची, दिल्लीत. त्याच वर्षी डिसेंबरात गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी पंतप्रधान मनमोहन सिंग यांना पत्र लिहून खाडी देऊ नका म्हणून सांगितलं, निवडणुकीचे दिवस होते. भारताची एक सूचना होती की खाडी बाजूला ठेवू आणि खोल समुद्राकडून हद्द आखत किनाऱ्याकडे येऊ, पाकिस्तानला ती पटली नाही. पाकिस्तानला तिसरा कोणी मध्ये हवा असतो, भारत सिमला करारावर बोट ठेवून म्हणतो दोघांतच बोलू. अडलं ते अडलंच.

आता तर बोलायचंच नाव नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम झालं, मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर, आणि २ ऑक्टोबरला दसऱ्याच्या दिवशी भुजमध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह म्हणाले की पाकिस्तान सर क्रीकजवळ लष्करी बांधकाम वाढवतोय आणि कराचीचा एक रस्ता या खाडीतून जातो हे त्यांनी विसरू नये.

दुसऱ्या शेजाऱ्यांशी असे वाद नाहीत का?

आहेत, पण सगळे सडले नाहीत. बांगलादेशाशी बंगालच्या उपसागरात असाच वाद होता, तो आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला आणि जुलै २०१४ मध्ये वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. आपण तो निकाल मान्य केला, आभाळ कोसळलं नाही. त्याच भागात एक छोटं बेट होतं, आपण न्यू मूर म्हणायचो आणि ते दक्षिण तलपट्टी, त्यावरून सत्तर-ऐंशीच्या दशकात किती आरडाओरडा, आणि २०१० पर्यंत ते पाण्याखाली गेलं सुद्धा. श्रीलंकेशी कच्चतीवूचा १९७४ मध्ये करार झाला तरी रामेश्वरमचे मच्छीमार अजून पकडले जातात. म्हणजे रेघ ठरली तरी मच्छीमार सुटतोच असं नाही, हे लक्षात ठेवा.

समुद्रात ती हद्द दिसते का? बोया वगैरे असतात?

काहीही नसतं. पाणी इकडे जसं तसंच तिकडे. तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, केबिनमध्ये जीपीएसचा डबा असतो, त्यावर रेघ असते आणि जवळ गेलं की तो किंचाळतो. मी एका बोटीवर पाहिला होता, स्क्रीनला तडा गेलेला, आवाजाच्या भोकावर इन्सुलेशन टेप चिकटवलेली. का म्हणून विचारलं तर खलाशी म्हणाला, रातभर ओरडतो, झोप लागत नाय. आता यावर काय बोलणार.

शिवाय बोट म्हणजे गाडी नाही ब्रेक मारून थांबायला. रात्री जाळं टाकलं, इंजिन बंद केलं, वारा आणि भरतीची ओढ मिळून बोट सरकत राहते, पहाटे उठून बघतात तर कुठच्या कुठे. बरं ती डब्यावरची रेघ तरी दोघांनी मिळून ठरवलेली आहे का, तर नाही. खाडीच ठरली नाही म्हणून पुढची सागरी हद्दही ठरलेली नाही, प्रत्येकाने आपापली धरलीय. त्यामुळे हद्द ओलांडली हे वाक्य टीव्हीवर जितकं सोपं वाटतं तितकं ते नाही.

खरं सांगा, मुद्दाम जातात की चुकून?

दोन्ही. खोटं कशाला बोलू. आपल्या किनाऱ्याजवळ मासळी उरली नाही, ट्रॉलरने तळ खरवडून काढलाय आणि कारखान्यांचं पाणी आहेच. सिंधूच्या मुखाकडे अजून पापलेट, कोळंबी, रावस, घोळ मिळते. एका मोठ्या घोळीचा बोत म्हणजे तिच्या पोटातली हवेची पिशवी, ती परदेशात जाते आणि तिचा भाव ऐकला तर तुम्ही नोकरी सोडाल. शेठने, म्हणजे बोटमालकाने, डिझेल आणि बर्फ भरून दिलेला असतो, रिकामं परत आलं तर फेरी अंगावर, मग तांडेल जरा पुढे जातो. पण एक बघा, हा निर्णय तांडेलाचा आणि दबाव शेठचा. मागे जाळं ओढणारा खलाशी, त्याला रेघ विचारलेली नसते, आणि तुरुंगात तोही तेवढेच दिवस बसतो.

पण आपल्या पालघरची पोरं गुजरातच्या बोटींवर कशाला जातात?

कामासाठी, अजून कशाला. डहाणू, तलासरी भागातले पाडे, त्यात आदिवासी खूप, ऑगस्टात पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की ओखा, पोरबंदर, वेरावळला खलाशी म्हणून जातात ते मे अखेरीस परत. शेठचा माणूस आधी उचल देऊन जातो, त्यात घराची कौलं होतात नाहीतर कोणाचं तरी लग्न उरकतं, आणि मग सीझनभर ती फेडायची. पकडलेल्या बोटी गुजरातच्या असल्या तरी त्यावरची नावं बरेचदा आपल्याकडची असतात ती यामुळे, दीव आणि गुजरातची तर असतातच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याकडच्या एका बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा एजन्सीने गोळ्या झाडल्या, त्यात मेलेला खलाशी पालघर जिल्ह्यातला होता. मुंबईत दोन दिवस बातमी चालली.

पकडल्यावर होतं काय?

बोट ओढून कराचीला नेतात, मासेमारी आणि बेकायदा प्रवेशाची कलमं लागतात, कोर्ट काही महिन्यांची शिक्षा देतं आणि मग मलीरचा तुरुंग. शिक्षा संपते, माणूस सुटत नाही. कारण तो भारतीयच आहे हे भारताने कळवायचं असतं, त्यासाठी आपल्या वकिलातीचे लोक त्याला भेटणार, नाव-गाव लिहून घेणार, ते दिल्ली-मुंबई-पालघर करत पोलीस पाटलापर्यंत येणार, उत्तर तसंच उलटं वर जाणार. २००८ च्या करारात लिहिलंय की पकडल्यापासून तीन महिन्यांत वकिलातीला भेट द्यायची आणि शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं की महिनाभरात सोडायचं. कागदावर छान आहे.

त्याच कराराप्रमाणे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात, युद्धाचं वातावरण असलं तरी देतात, हे एक मानलं पाहिजे. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानकडे १९३ भारतीय मच्छीमार होते आणि भारताकडे ८१ पाकिस्तानी. शिक्षा पूर्ण होऊनही आत असलेले भारतीय, साधे कैदी आणि मच्छीमार धरून, १५९ होते. सिंदूरनंतर दोनच महिन्यांत या याद्या दिल्या गेल्या हे विशेष.

सुटका झाली की मलीरहून लाहोर, बहुतेक वेळा एधी फाउंडेशन ही तिकडची सेवाभावी संस्था तिकीट आणि खायचं बघते, हातात थोडे पैसे पण देते, मग वाघा-अटारी, तिथून आपले लोक ट्रेनने गुजरातला आणतात. समुद्रातून पकडलेला माणूस घरी येतो तो पंजाबातून, सगळा उपखंड फिरून. २०२३ च्या मे-जूनमध्ये असे जवळपास ४०० जण आले. संबंध जरा बरे झाले की सोडतात, बिघडले की थांबतं. खलाशी म्हणजे चिल्लर झालीय, खिशात ठेवायची आणि लागली की काढायची.

कायदा काय म्हणतो? तुरुंगात टाकता येतं का?

हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि हाच विचारायला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायद्याचा करार आहे, भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये तो मान्य केलाय. त्याचं ७३ वं कलम म्हणतं की अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला तर तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही (दोन देशांनी वेगळं ठरवलं असेल तर गोष्ट निराळी), आणि पकडलेली बोट व माणसं वाजवी जामीन घेऊन लवकर सोडायची. म्हणजे दंड करा, मासळी घ्या, हाकलून द्या. दोन्ही देश यावर सही करून बसलेत आणि दोन्ही देश माणसं आत टाकतात.

एक पळवाट आहे, हे कलम १२ मैलांच्या आत लागू नाही, आणि वर परकीय नागरिकाच्या बेकायदा प्रवेशाचा कायदा लावतात. पण माझं म्हणणं इतकंच की मच्छीमार सोडवायला सर क्रीक सुटायची वाट बघायची गरज नाही. ती खाडी अजून ५० वर्षं सुटणार नसेल तर नको सुटू दे. पकडलेल्याला दंड लावून त्याच बोटीने आठवड्याभरात परत पाठवा, एवढं ठरवायला ना हिरवी रेघ लागते ना थालवेग. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००७ मध्ये केली होती, ती तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायची आणि त्याचा उपयोग होत होता. तिची शेवटची भेट झाली २०१३ मध्ये. ती तरी परत चालू करा.

पाकिस्तानी मच्छीमार आपल्याकडे का सापडतात?

त्याच कारणाने. सिंधचे गरीब कोळी छोट्या होड्या घेऊन कोरी क्रीकच्या बाजूला आणि हरामी नाला म्हणून एक भाग आहे (नाव खरंच तेच आहे) तिथे खेकडे-मासळीसाठी शिरतात आणि सीमा सुरक्षा दलाच्या हाती लागतात. बरेचदा माणसं चिखलातून पळून जातात आणि नुसती होडी सापडते. त्यांच्या घरीही अशीच यादीची वाट बघतात.

पण सुरक्षेचं काय? कसाब समुद्रातूनच आला ना?

आला. नोव्हेंबर २००८ मध्ये त्या दहा जणांनी पोरबंदरची कुबेर बोट समुद्रात पळवली, तिच्यावरच्या मच्छीमारांना मारलं आणि मुंबईला येऊन कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. त्यांना पहिल्यांदा हटकलं तेही वस्तीतल्या लोकांनीच. त्यानंतर ओळखपत्रं, बोटींना रंग, बोट कुठे आहे ते कळवणारे ट्रान्सपॉन्डर, बंदरावर तपासणी हे सगळं आलं, आणि ते बरोबर आहे, कटकट वाटली तरी. तपासा, शंभर वेळा तपासा. पण दोन दिवसांच्या तपासात कळतं की हा खलाशी आहे, त्याला पुढची तीन वर्षं कशासाठी ठेवायचं?

बोट परत मिळते का?

विसरा. हजारावर भारतीय बोटी तिकडे पडून असल्याचं मच्छीमार संघटना सांगतात. लाकडी बोट खाऱ्या पाण्यात दोन-तीन पावसाळे अशीच उभी राहिली की संपलीच. शेठ बुडतो, काही शेठ कर्जबाजारी होतात, मी एकट्या शेठला शिव्या घालत नाही.

आमच्या घरचा माणूस पकडलाय, काय करू?

आधी बोटीचा नोंदणी नंबर, बोटमालकाचं नाव आणि बोट कुठल्या बंदरातून कुठल्या तारखेला सुटली हे लिहून घ्या, बंदरावरून निघताना टोकन घेतलेलं असतं त्याची प्रत मालकाकडून मागा. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गुजरात सरकार पकडलेल्या मच्छीमाराच्या घराला रोजचे ३०० रुपये देतं, तुमचा माणूस तिकडच्या बोटीवर होता आणि घर इकडे आहे तर नेमकं कुठून काय मिळेल हे दोन्हीकडे विचारा, आमच्याकडे एका घराला दोन कार्यालयांनी एकमेकांकडे पाठवलं होतं दीड वर्ष.

आणि कागद तयार ठेवा: आधार, रेशन कार्ड, शाळेचा किंवा जन्माचा दाखला, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, फोटो. चौकशीला पोलीस आले की त्याच दिवशी द्या, कारण तिकडचा प्रत्येक दिवस या कागदावर अडलेला असतो. यादी आली की फक्त नाव शोधू नका. तिकडे उर्दूत लिहून घेतलेलं नाव इंग्रजीत येईपर्यंत ओळखू येत नाही, पाड्याचं नाव तर हमखास बिघडतं. वडिलांचं नाव आणि बोटीचं नाव जुळवून बघा. आमच्या इथली एक आई मुलाचं नाव यादीत नाही म्हणून सहा महिने रडत होती, आणि तो होता, वडिलांचं नाव पुढे आणि त्याचं मागे असा छापलेला, अडनावाच्या जागी गावाचं नाव. शाळेतल्या मास्तरांनी बोटीच्या नावावरून काढला शोधून. आता ती त्या पानाची लॅमिनेट केलेली झेरॉक्स पिशवीत घेऊन फिरते, बँकेत गेली तरी.